अंगावर न उठलेला गोवर

माझे वडील राजवाड्यावर गात. शिकवताना ते रागाची ओळखीची पकड मुद्दाम वगळीत आणि राग कोणता, असे आम्हांस विचारीत. आज शिकवणीत मी मुलांची हीच परीक्षा घेतो, तेव्हा मला बोस्टनचे जॉन एंडर्स आठवतात.

एंडर्स यांचा जन्म १८९७ साली अमेरिकेत कनेटिकट प्रांतातल्या एका सधन बँकवाल्याच्या घरी झाला. हार्वर्डमध्ये ते इंग्रजी वाङ्मय शिकत होते. हान्स झिन्सर यांच्या सहवासात त्यांना जंतुशास्त्राची गोडी लागली आणि १९३० साली त्यांनी त्यात डॉक्टरेट मिळविली. पुढे बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळात त्यांनी प्रयोगशाळा मांडली. पोलिओचा विषाणू मज्जातंतूंखेरीज इतर पेशींतही वाढविता येतो, हे १९४९ साली दाखविल्याबद्दल त्यांना वेलर व रॉबिन्स या सहकाऱ्यांसह १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मला मात्र त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. मुलांच्या एका विरळा न्यूमोनियाचे वर्णन हेक्ट यांनी १९१० सालीच केले होते. त्यात फुप्फुसात अनेक केंद्रके असलेल्या राक्षसी पेशी दिसत. कारण मात्र पक्के ठरत नव्हते. १९५४ साली एंडर्स आणि पीबल्स यांनी गोवराचा विषाणू काचपात्रातल्या पेशींत वाढविला. तेथेही पेशी एकमेकींत मिसळून तशाच राक्षसी होत. मग रक्ताच्या कर्करोगासारख्या दुखण्याने आधीच खंगलेली काही मुले न्यूमोनियाने दगावली. त्यांच्या अंगावर पुरळ नव्हते, म्हणून गोवराची शंका यावी तरी कशी? शवविच्छेदनात फुप्फुसात त्याच पेशी दिसल्या. तो ऊतक काचपात्रात घातला, तर त्यातून गोवराचाच विषाणू निघाला. हे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले.

पुरळ उठते ते शरीर विषाणूशी झुंजते म्हणून. ज्याच्यात झुंजण्याची शक्तीच नाही, त्याच्या अंगावर खूण उमटत नाही आणि रोग आत मोकाट सुटतो. पकड नव्हती, पण राग तोच होता.

त्या मुलांना या शोधाचा उपयोग झाला नाही. एंडर्स यांच्याच विषाणूपासून केलेल्या लसीला अमेरिकेत १९६३ साली परवानगी मिळाली. परंतु ही लस जिवंत विषाणूची असल्याने, प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलांना ती देता येत नाही. त्यांची राखण शेजारच्या धडधाकट मुलांनी लस टोचून घेतल्यानेच होते.

एंडर्स १९८५ साली निवर्तले. आपल्या मुलाला लस टोचताना दुसऱ्याच्या आजारी लेकराचीही आठवण ठेवावी, एवढेच मला सांगावयाचे आहे.