कै. ललिताबाई पवार

रुपेरी पडद्यावरील खाष्ट सासू म्हणून ज्यांचें नांव घरोघरीं झालें, त्या ललिताबाई पवार यांचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

बाईंचा जन्म १९१६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील येवलें येथें झाला. मूळ नांव अंबा. मूकपटांच्या काळीं बालवयांतच त्या या व्यवसायांत आल्या व पुढें नायिका झाल्या. १९४२ सालीं चित्रीकरणाच्या वेळीं सहनटाची चपराक फार जोरानें बसली. चेहऱ्यास पक्षाघात होऊन डावा डोळा कायमचा अधू झाला. सुमारें तीन वर्षें औषधोपचारांत गेलीं आणि नायिकेचें काम संपलें.

तथापि बाई खचल्या नाहींत. अधू डोळ्याची ती नजरच त्यांनीं चरित्रभूमिकांच्या कामीं लाविली. 'दहेज' (१९५०) मधील निर्दय सासू त्यांनीं हुबेहूब उभी केली.

आम्हां ख्रिस्ती लोकांस मात्र 'अनाडी' (१९५९) मधील त्यांच्या मिसेस डिसा विशेष आपल्या वाटतात. ही ख्रिस्ती घरमालकीण जिभेची तिखट, परंतु गरीब भाडेकऱ्यावर पोटच्या मुलासारखी माया करणारी. या भूमिकेबद्दल बाईंस फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनेंही त्यांचा गौरव केला. १९८७ सालीं सुरू झालेल्या दूरदर्शनच्या 'रामायण' मालिकेंतील मंथरा त्यांचीच.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुणें येथें त्यांचें निधन झालें. त्यांच्या कीर्तीचा मोठा काळ त्या आघातानंतरच आला, हें आमच्या तरुण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.