केन माइल्स : सहनशक्तीच्या शर्यतीचा सारथी

आखातात पोटापाण्यासाठी गेलेल्या गोमंतकीयांच्या घरांत बहरीन हे नाव नवे नाही. त्या चिमुकल्या बेटावरील साखिर येथील वाळवंटी सर्किटवर येत्या नोव्हेंबरात जागतिक एन्ड्युरन्स अजिंक्यपद मालिकेतील आठ तासांची मोटारशर्यत होणार आहे. २००४ साली बांधलेल्या या सर्किटची एक फेरी ५.४१२ किलोमीटरची. भोवतालची वाळू वाऱ्याने ट्रॅकवर येऊ नये म्हणून तिच्यावर चिकट द्रव्य फवारण्याची युक्ती तेथे योजावी लागली. ही शर्यत दुपारच्या उन्हात सुरू होते आणि विजेच्या झोतांखाली रात्री संपते. बहरीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने शेवटची फेरी पाहण्यासाठी आपल्याकडील रसिकांना मध्यरात्रीपर्यंत जागावे लागेल.

ज्या हैदराबादेतून हे लिहीत आहे, तेथील बरकतपुऱ्यापासून काही किलोमीटरवर, हुसेनसागराच्या काठी, फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई या विजेवर धावणाऱ्या मोटारींची शर्यत झाली होती. बरकतपुरा आणि लगतच्या काचीगुड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांतील तरुणही ती पाहण्यास लोटले होते. ती शर्यत तासाभराच्या आत आटोपली आणि पुढच्या वर्षीची तर रद्दच झाली. एन्ड्युरन्स शर्यतीची जातकुळी मात्र वेगळी आहे. तेथे एकाच गाडीवर दोघे-तिघे चालक आळीपाळीने बसतात. इंधन, टायर, ब्रेक, गिअरबॉक्स आणि माणसाची शुद्ध यांपैकी जे आधी संपेल ते शर्यतीचा निकाल ठरवते. ठरलेल्या वेळात सर्वाधिक अंतर कापणारी गाडी विजयी, एवढाच तिचा नियम आहे. या साध्या नियमानेच साठ वर्षांपूर्वी एका थोर चालकाच्या हातचा सर्वांत मोठा विजय हिरावून नेला. त्याचे नाव केन माइल्स.

केनेथ हेन्री जार्व्हिस माइल्स याचा जन्म १ नोव्हेंबर १९१८ रोजी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळील सटन कोल्डफील्ड येथे झाला. तो परिसर ब्रिटिश मोटार-उद्योगाचे माहेरघर. शाळेच्या पुस्तकांपेक्षा यंत्रांकडे मुलाचा ओढा अधिक होता. पुढे वूल्झली मोटर्स या कारखान्यात त्याने उमेदवारी केली आणि हातात पाना घेऊनच त्याचे खरे शिक्षण झाले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर तो लष्करात दाखल झाला. रणगाड्यांच्या दुरुस्तीशी संबंधित काम त्याच्या वाट्याला आले. चिखलात वा गोळीबारात बंद पडलेले यंत्र हाताशी असेल त्या साधनांनी पुन्हा चालू करायचे, ही त्या कामाची रोजची अट होती. यंत्र कोठे दगा देईल हे आधी ओळखण्याची जी दृष्टी पुढे त्याच्या कीर्तीस कारण झाली, तिची मुळे या वर्षांत शोधावी लागतात.

१९५२ साली पत्नी मॉली आणि लहानगा मुलगा पीटर यांच्यासह माइल्स अमेरिकेतील लॉस एंजलिस येथे स्थायिक झाला. तेथे एमजी मोटारींच्या वितरकाकडे सर्व्हिस मॅनेजरची नोकरी त्याला मिळाली होती. दिवसा ग्राहकांच्या गाड्यांची देखभाल आणि उरलेल्या वेळात स्वतःची शर्यतीची गाडी बांधणे, असा त्याचा क्रम सुरू झाला. एमजीचे सुटे भाग घेऊन स्वतः रचलेल्या गाडीवर १९५३ साली त्याने लागोपाठ चौदा शर्यती जिंकल्या. कॅलिफोर्नियातील धनिकांच्या महागड्या विदेशी मोटारींना एका नोकरदाराने घरगुती गाडीने मागे टाकावे, याचे तेथील शौकिनांना मोठे अप्रूप वाटले. पुढे तेथील स्पोर्ट्स कार क्लबचे अध्यक्षपदही त्याच्याकडे आले. जिभेला मात्र लगाम नव्हता. जे पटत नाही ते तोंडावर बोलून मोकळे होण्याच्या स्वभावामुळे त्याने जितके मित्र जोडले, जवळजवळ तितकेच विरोधकही निर्माण केले.

फ्रान्समधील ल मॉं येथील चोवीस तासांची शर्यत ही या क्रीडाप्रकाराची पंढरी. माइल्स तेथे प्रथम उतरला तो १९५५ साली, एमजीचा चालक म्हणून. त्या वर्षी पिएर लव्हे याची मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोटारशर्यतींच्या इतिहासातील हा सर्वांत भीषण अपघात. त्याच दिवशी एमजीचाच दुसरा एक चालक वेगळ्या अपघातात गंभीर जखमी झाला. शर्यत थांबवली गेली नाही. माइल्स आणि त्याचा जोडीदार जॉनी लॉकेट यांनी आपली छोटी गाडी अखेरपर्यंत नेऊन बारावा क्रमांक मिळवला. वेगाची किंमत काय असते, हे त्याला त्या दिवसापासून ठाऊक होते. तरीही अकरा वर्षांनी तो पुन्हा त्याच ट्रॅकवर, तेही जिंकण्याच्या ईर्षेने, उभा होता.

मधल्या काळात त्याने पोर्शे गाड्यांवर नाव कमावले आणि १९६१ साली अमेरिकेतील रोड रेसिंगचे अजिंक्यपद मिळवले. १९६३ साली तो कॅरल शेल्बी याच्या संस्थेत दाखल झाला. शेल्बी हा टेक्सासचा. त्याने १९५९ साली ल मॉं जिंकली होती, पण हृदयविकारामुळे त्याला चालकाची बैठक सोडावी लागली होती. आता तो ब्रिटिश सांगाड्यात अमेरिकन इंजिन बसवून कोब्रा नावाची मोटार बनवीत होता. तिला शर्यतीच्या तोलाची करण्याचे काम माइल्सकडे आले.

याच सुमारास फोर्ड आणि फेरारी यांच्यातील प्रसिद्ध वैर पेटले. इटलीतील फेरारी कंपनी विकत घेण्याचा फोर्डचा बेत १९६३ साली ऐन वेळी फिसकटला. दुखावलेल्या हेन्री फोर्ड दुसरा यांनी फेरारीला तिच्याच रणांगणात हरवण्याचा निश्चय केला. १९६० पासून ल मॉं येथे फेरारीचीच सत्ता होती. फोर्डची जीटी ४० ही गाडी १९६४ साली तेथे उतरली खरी, पण एकही अखेरपर्यंत टिकली नाही. तेव्हा हा प्रकल्प शेल्बीच्या आणि पर्यायाने माइल्सच्या हाती सोपवण्यात आला.

माइल्सचे मोठेपण या टप्प्यावर ध्यानात येते. गाडी वेगवान होती, परंतु ती तास न् तास टिकत नव्हती. तिच्या अंगावर लोकरीचे धागे चिकटवून हवा कोठून कशी वाहते हे पाहण्यात आले. जड गाडी ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगातून वळणासाठी मंदावताना ब्रेकच्या चकत्या तापून लाल होत व तडकत. त्या पिटमध्ये झटपट बदलता याव्यात, अशी रचना शेल्बीच्या कुशल कारागिरांनी शोधून काढली. ल मॉंच्या प्रत्येक चढ-उताराचा आणि गिअरबदलाचा ताण इंजिनाला कारखान्यातील चाचणी-मंचावर द्यावा, तोही चोवीस तासांहून अधिक काळ, अशीही व्यवस्था झाली. या साऱ्या खटाटोपात गाडीवर बसून तिची प्रत्येक कुरकुर ऐकणारा, ती अभियंत्यांना समजेल अशा नेमक्या शब्दांत सांगणारा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तीच फेरी मारून पाहणारा माणूस माइल्स होता. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. रिकाम्या सर्किटवर, प्रेक्षकांविना, दिवसभर तेच ते वळण घ्यावे लागते.

फेब्रुवारी १९६५ मध्ये डेटोना येथे माइल्स आणि लॉइड रुबी यांनी जीटी ४० ला तिचा पहिला विजय मिळवून दिला. जूनमध्ये ल मॉं येथे मात्र साऱ्या फोर्ड गाड्या बाद झाल्या. ब्रूस मॅक्लॅरनबरोबर माइल्स चालवीत असलेली गाडी गिअरबॉक्सने दगा दिल्यामुळे थांबली. पुन्हा वर्षभर चाचण्या चालल्या. १९६६ चे वर्ष उजाडले तेच विजयाने. डेटोनाची चोवीस तासांची शर्यत माइल्स आणि रुबी यांनी जिंकली, मार्चमध्ये सेब्रिंगची बारा तासांची शर्यतही जिंकली. आता तिसरी शर्यत उरली होती ती ल मॉं. एकाच वर्षात या तिन्ही शर्यती जिंकण्याचा मान तोवर कोणालाही मिळाला नव्हता.

१८ जून १९६६ रोजी दुपारी शर्यतीला प्रारंभ झाला. विमान-अपघातात जखमी झालेल्या रुबीच्या जागी डेनी हल्म हा माइल्सचा जोडीदार होता. पहिल्याच फेरीनंतर दार नीट लागत नसल्याने माइल्सला पिटमध्ये यावे लागले. मागे पडलेल्या त्या गाडीने मग विक्रमी वेगाच्या फेऱ्या मारीत पुन्हा पुढचे स्थान गाठले. रात्र सरली, एकेक करून फेरारीच्या मुख्य गाड्या बाद झाल्या. दुसऱ्या दिवशी अखेरच्या टप्प्यात पहिल्या तिन्ही क्रमांकांवर फोर्डच्याच गाड्या होत्या आणि माइल्सची गाडी आघाडीवर होती.

तेव्हा फोर्डच्या अधिकाऱ्यांनी ठरवले की आपल्या गाड्यांनी एकत्र रेषा ओलांडावी, म्हणजे विजयाचे छायाचित्र शोभिवंत होईल आणि आपसांतील चुरशीत कोणतीही गाडी मोडणार नाही. शेल्बीने त्यास संमती दिली. या संमतीची खंत त्याला पुढे जन्मभर राहिली. माइल्सला वेग कमी करण्याचा आदेश गेला. जो माणूस कोणाचेही न पटणारे ऐकून घेत नसे, त्याने हा आदेश पाळला. रिमझिम पावसात त्याची आणि मॅक्लॅरन-ख्रिस एमॉन यांची गाडी जवळजवळ जोडीने रेषेवर आली. नंतर शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी नियम पुढे केला. मॅक्लॅरनची गाडी आरंभी काही मीटर मागे उभी होती, म्हणजे तेवढ्याच वेळात तिने तेवढे अंतर अधिक कापले. सबब विजेती तीच. दोन्ही गाड्यांच्या ३६० फेऱ्या झाल्या होत्या. ४,८०० किलोमीटरहून अधिक धावल्यानंतर निर्णय आरंभीच्या काही मीटरवर झाला आणि माइल्सच्या नावापुढे दुसरा क्रमांक लागला.

पुढच्या वर्षी हे उणे भरून काढण्याची संधी होती. फोर्डने जे-कार नावाची नवी गाडी आखली होती. मधाच्या पोळ्यासारख्या रचनेचे ॲल्युमिनियम वापरल्याने ती हलकी झाली होती. तिच्या चाचण्या कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसच्या पूर्वेस, उघड्या कोरड्या टेकड्यांच्या मुलखातील रिव्हरसाइड सर्किटवर चालल्या होत्या. १७ ऑगस्ट १९६६ चा दिवस. चाचणीचे काम संपत आले होते. लांब सरळ मार्गाच्या टोकाशी, वळणापूर्वी मंदावत असताना गाडी अचानक भरकटली, उलटली, तिचे तुकडे झाले आणि तिने पेट घेतला. बाहेर फेकला गेलेला माइल्स तत्काळ मरण पावला. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. ल मॉंच्या त्या दिवसाला दोन महिनेही पुरे झाले नव्हते. अपघाताचे कारण निश्चितपणे कधीच उलगडले नाही.

त्या मृत्यूनंतर गाडीची नव्याने आखणी झाली आणि चालकाभोवती पोलादी नळ्यांचा भक्कम सांगाडा बसवण्यात आला. १९६७ साली तिच्याच सुधारित रूपाने, मार्क फोर या गाडीने, सेब्रिंग आणि ल मॉं जिंकल्या. त्याच ल मॉं शर्यतीत मारिओ आंद्रेत्ती याच्या मार्क फोरला रात्री भीषण अपघात झाला. गाडीचा चक्काचूर झाला, पण तो बरगड्यांच्या दुखापतीवर बचावला. त्याच्या जिवाचे श्रेय त्या पोलादी सांगाड्याला दिले जाते. माइल्सला हरवून विजेता ठरलेला मॅक्लॅरनही १९७० च्या जूनमध्ये इंग्लंडमधील गुडवुड येथे स्वतःच्या गाडीची चाचणी घेतानाच गेला. दोघांनाही मृत्यू गाठला तो प्रेक्षकांविना, गाडी तपासण्याच्या कामावर असताना.

रिव्हरसाइडचे सर्किट १९८९ साली बंद पडले आणि त्या जागी आता खरेदीची दुकाने व घरे उभी आहेत. माइल्सचे नाव दीर्घकाळ जाणकारांपुरतेच उरले होते. २०१९ साली आलेल्या फोर्ड व्हर्सेस फेरारी या चित्रपटाने ते जगभर पोहोचवले. मात्र ल मॉंच्या विजेत्यांच्या यादीत ते आजही नाही.

बहरीनच्या वाळवंटात येत्या नोव्हेंबरात ज्या गाड्या आठ तास धावतील, त्यांत फेरारीही असेल. अर्धशतकाच्या खंडानंतर सर्वोच्च श्रेणीत परतून तिने २०२३ साली ल मॉं पुन्हा जिंकली. त्यातली प्रत्येक गाडी साखिरला पोहोचण्यापूर्वी कोणत्या तरी रिकाम्या सर्किटवर हजारो किलोमीटर धावून आलेली असते. कोणता ब्रेक किती तापतो, कोणता टायर किती फेऱ्या पुरतो, कोणता आवाज धोक्याचा, हे त्या फेऱ्यांत कोणी तरी ऐकून ठेवलेले असते. मध्यरात्री विजेत्यांची नावे पडद्यावर झळकतील तेव्हा त्यात त्या माणसाचे नाव असेलच असे नाही. ज्या चालकाने हे काम आयुष्यभर केले आणि ज्याच्या मरणाने पुढच्या चालकांभोवती पोलादाचे कवच उभे राहिले, त्याचे स्मरण मात्र त्या वेळी रसिकांनी अवश्य करावे.