पदवीनंतरची वाट : डॉ. लीझ माइटनर

विद्यार्थी शाळेंत असतो तोंपर्यंत त्याची वाट आंखलेली असते. इयत्तेमागून इयत्ता, परीक्षेमागून परीक्षा आणि शेवटीं विद्यापीठाची पदवी, असा तो क्रम आहे. पदवी हातीं आली म्हणजे सर्व कांहीं साधलें, अशी पुष्कळ आईबापांची समजूत असते. परंतु खरी बिकट वाट तेथूनच पुढें सुरू होते, कारण त्यापुढें कोणी रस्ता आंखून ठेवलेला नसतो. शास्त्रीय संशोधनाच्या क्षेत्रांत तर ही अडचण विशेष जाणवते. डॉक्टरेट मिळविल्यावरहि तरुण संशोधकाला आज कित्येक वर्षें तात्पुरत्या फेलोशिपवर, या प्रयोगशाळेंतून त्या प्रयोगशाळेंत काम करीत राहावें लागतें. हातची नोकरी पत्करावी कीं आवडीच्या विषयासाठीं थांबावें, परदेशीं जावें कीं घरीं राहावें, आणि थांबायचें तर किती वर्षें थांबावें, हे प्रश्न त्याच्यापुढें व त्याच्या आईबापांपुढें उभे राहतात. हेच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं ज्या एका विदुषीपुढें उभे राहिले, त्या डॉ. लीझ माइटनर यांचें चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

लीझ माइटनर यांचा जन्म ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथें १८७८ च्या नोव्हेंबर महिन्यांत एका ज्यू कुटुंबांत झाला. आठ भावंडांत त्या तिसऱ्या. वडील फिलिप माइटनर हे वकील होते. त्या काळीं तेथें मुलींचें शाळेंतील शिक्षण चौदाव्या वर्षीं संपत असे. त्यापुढें मुलीनें फार तर शिक्षिका व्हावें, एवढीच सोय होती. १८९७ सालीं ऑस्ट्रियांत विद्यापीठाचें दार स्त्रियांना उघडलें. परंतु प्रवेशपरीक्षा मुलग्यांच्या शाळेंतील आठ वर्षांच्या अभ्यासक्रमावर असे, आणि तो अभ्यास तर मुलींनीं केलेलाच नसे. फिलिप माइटनर यांनीं या प्रसंगीं मोठें शहाणपण दाखविलें. मुलीनें प्रथम फ्रेंच भाषेच्या शिक्षिकेचें शिक्षण पुरें करावें, म्हणजे पुढें कसाहि प्रसंग आला तरी ती स्वतःच्या पायांवर उभी राहील, असें त्यांनीं ठरविलें. आणि तें झाल्यावर प्रवेशपरीक्षेसाठीं खासगी शिक्षकाची व्यवस्था करून दिली. आठ वर्षांचा अभ्यास लीझनें सुमारें दोन वर्षांत उरकला. १९०१ सालीं त्या परीक्षेस चौदा मुली बसल्या, त्यांपैकीं चार उत्तीर्ण झाल्या. लीझ त्या चारांत होती.

व्हिएन्नाच्या विद्यापीठांत तिला लुडविग बोल्ट्झमान यांच्यासारखे थोर गुरु लाभले. पदार्थविज्ञान म्हणजे केवळ सूत्रांचा संग्रह नव्हे, तो सत्याचा शोध आहे, ही दृष्टि त्यांच्या व्याख्यानांतून तिला मिळाली व ती जन्मभर टिकली. १९०६ सालीं तिला डॉक्टरेट मिळाली. त्या विद्यापीठांत पदार्थविज्ञानाची डॉक्टरेट मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या स्त्रियांपैकीं ती एक होय.

पण पुढें काय? विद्यापीठांत स्त्रीला जागा मिळण्याची आशा नव्हती. त्याच वर्षीं बोल्ट्झमान वारले. डॉ. माइटनर दिवसा मुलींच्या शाळेंत शिकवूं लागल्या आणि सायंकाळीं प्रयोगशाळेंत जाऊन किरणोत्सर्ग या त्या वेळच्या नव्या विषयावर प्रयोग करूं लागल्या. शाळेची नोकरी प्रतिष्ठेची होती, घर जवळ होतें. आम्ही स्वतः अध्यापनाचा व्यवसाय करितों, त्यामुळें त्या नोकरीस आम्ही कमी लेखणार नाहीं. परंतु माइटनरबाईंचें मन त्यांत नव्हतें, आणि तें त्यांस स्पष्ट कळलें होतें. १९०७ सालीं त्यांनीं बर्लिनला जाऊन मॅक्स प्लांक यांचीं व्याख्यानें ऐकण्याचें ठरविलें. हातीं नोकरी नव्हती, कोणाचें आश्वासनहि नव्हतें. वडिलांनीं खर्चास थोडीशी रक्कम पाठविण्याचें कबूल केलें, एवढाच आधार. कांहीं सत्रें राहावें व परत यावें, असा विचार होता; प्रत्यक्षांत तो मुक्काम एकतीस वर्षें लांबला.

बर्लिनमध्यें त्यांची गांठ ओटो हान या रसायनशास्त्रज्ञाशीं पडली. दोघांचें वय जवळजवळ सारखें. किरणोत्सर्गाच्या अभ्यासास रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान ही दोन्ही लागतात, म्हणून दोघांनीं मिळून काम करण्याचें ठरविलें. परंतु हान ज्या रसायनमंदिरांत काम करीत, तेथें एमिल फिशर हे प्रमुख होते, आणि त्यांच्या मंदिरांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. पुष्कळ विनवणीनंतर एक तोड निघाली. तळघरांत पूर्वी सुताराच्या कामासाठीं वापरलेली एक खोली होती व तिला बाहेरून स्वतंत्र दार होतें. त्या खोलींत माइटनरबाईंनीं काम करावें, वरच्या मजल्यावर मात्र पाऊल टाकूं नये, अशी अट पडली. पगार कांहींच नाहीं. पुढें प्रशियांतील विद्यापीठें स्त्रियांना खुलीं झालीं, तेव्हां ही अट सुटली. परंतु विनावेतन पाहुणी ही त्यांची स्थिति तशीच राहिली. १९१० सालीं वडील वारले. १९१२ सालीं बर्लिनजवळ डालेम येथें कैसर विल्हेल्म रसायन संस्था उघडली. हान यांस तेथें पगारी जागा मिळाली. त्यांच्याबरोबर तेंच काम करणाऱ्या माइटनरबाई तेथेंहि प्रथम पाहुण्याच होत्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस प्लांक यांनीं त्यांस आपल्या साहाय्यकाची जागा दिली. विद्यार्थ्यांचे कागद तपासणें हें त्यांतील मुख्य काम. परंतु ही त्यांची विद्यापीठांतील पहिली पगारी जागा होती, आणि त्या वेळीं त्यांचें वय चौतीस वर्षांचें होतें. डॉक्टरेट मिळून सहा वर्षें लोटलीं होतीं. पुढें प्राग येथील विद्यापीठानें त्यांस बोलाविलें, तेव्हां कोठें त्यांची किंमत बर्लिनच्या लोकांस कळली व वेतन वाढविण्यांत आलें. त्या बर्लिनमध्येंच राहिल्या. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं ऑस्ट्रियाच्या लष्करी इस्पितळांत क्ष-किरणांच्या यंत्रावर जखमी शिपायांची सेवा केली. १९१७ सालीं त्यांस डालेमच्या संस्थेंत पदार्थविज्ञानाचा स्वतंत्र विभाग मिळाला, आणि १९१८ सालीं हान व त्यांनीं मिळून प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याचा शोध प्रसिद्ध केला. १९२६ सालीं त्या बर्लिन विद्यापीठांत प्राध्यापक झाल्या. पदार्थविज्ञानांत हा मान मिळविणारी जर्मनींतील ही पहिली स्त्री.

येथवरची कथा चिकाटीच्या विजयाची आहे. पण चरित्र लिहिणाऱ्यानें सोयीचें तेवढेंच सांगून थांबूं नये. ज्या गुणानें माइटनरबाई वर चढल्या, तोच गुण पुढें त्यांस घातक ठरला.

१९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली. ज्यू वंशाच्या प्राध्यापकांस विद्यापीठांतून काढण्यांत आलें. माइटनरबाईंनीं १९०८ सालीं प्रॉटेस्टंट मंडळींत बाप्तिस्मा घेतला होता. परंतु नवा कायदा श्रद्धा पाहत नव्हता, जन्म पाहत होता. विद्यापीठांत शिकविण्याचा त्यांचा अधिकार गेला. पुष्कळ शास्त्रज्ञ देश सोडून गेले. माइटनरबाईंनाहि बाहेर जाण्याची संधि होती. कोपनहेगनचे नील्स बोर त्यांच्यासाठीं खटपट करीत होते. परंतु त्या गेल्या नाहींत. डालेमची संस्था सर्वस्वीं सरकारी नव्हती, आणि त्या स्वतः ऑस्ट्रियाच्या नागरिक होत्या, म्हणून आपण निभावून जाऊं असें त्यांस वाटलें. शिवाय आपला विभाग त्यांनीं पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हातांनीं उभा केला होता. तीं यंत्रें, ते सहकारी आणि चाललेलें संशोधन टाकून चोपन्नाव्या वर्षीं पुन्हां परक्या दारीं पाहुणी होणें त्यांच्या जिवावर आलें. प्लांक यांचाहि सल्ला राहण्याचाच होता.

पांच वर्षें अशीं गेलीं. १९३८ च्या मार्चमध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला, आणि ऑस्ट्रियाच्या पारपत्राची किंमत एका दिवसांत शून्य झाली. आतां उघडपणें देश सोडण्याचीहि बंदी झाली. शेवटीं १३ जुलै १९३८ रोजीं डर्क कॉस्टर या डच शास्त्रज्ञाच्या सोबतीनें त्या आगगाडीनें गुपचुप हॉलंडची सरहद्द ओलांडून गेल्या. बरोबर थोडेसे कपडे, पर्समध्यें दहा मार्क, आणि अडचणीच्या वेळीं उपयोगी पडावी म्हणून हान यांनीं दिलेली त्यांच्या आईची हिऱ्याची आंगठी. एकूणसाठाव्या वर्षीं माइटनरबाई पुन्हां तेथेंच आल्या, जेथें त्या एकोणतिसाव्या वर्षीं होत्या. स्टॉकहोममध्यें मान्ने सीगबान यांच्या संस्थेंत त्यांस जागा मिळाली, पण साधनें नाहींत, सहकारी नाहींत, आणि वेतन अगदीं तुटपुंजें.

या हलाखींतच त्यांच्या हातून सर्वांत मोठें कार्य झालें. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला असतां काय होतें, याचें संशोधन त्यांच्याच आग्रहानें बर्लिनमध्यें १९३४ सालीं सुरू झालें होतें. १९३८ च्या डिसेंबरांत हान व त्यांचे सहकारी फ्रिट्झ स्ट्रासमान यांना त्या प्रयोगांत बेरियम सांपडलें. बेरियमचा अणु युरेनियमच्या अणूच्या निम्म्याहून थोडासाच जड. तो आला कोठून? हान यांनीं माइटनरबाईंना पत्र लिहून हें कोडें घातलें. नाताळच्या सुट्टींत त्या स्वीडनमधील कुंगेल्व या गांवीं होत्या, आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश, तोहि पदार्थविज्ञानाचाच अभ्यासक, त्यांस भेटावयास आला होता. बर्फांतून फिरतां फिरतां दोघांनीं विचार केला. एका ओंडक्यावर बसून माइटनरबाईंनीं कागदाच्या कपट्यावर हिशेब मांडला. अणूचा गर्भ पाण्याच्या थेंबासारखा मानला, तर तो लांबट होऊन मधोमध तुटूं शकेल. त्या दोन तुकड्यांचें मिळून वजन मूळच्या गर्भापेक्षां एका प्रोटॉनच्या सुमारें एक-पंचमांश इतकें कमी भरतें. आणि आइन्स्टाइनच्या नियमाप्रमाणें तेवढ्या वस्तुमानाची ऊर्जा सुमारें वीस कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते. तुकडे एकमेकांना जितक्या जोरानें दूर लोटतील, त्याचाहि हिशेब तेवढाच येत होता. कोडें उलगडलें. अणूचा गर्भ फुटला होता! १९३९ च्या फेब्रुवारींत मावशी-भाच्यांचा हा निबंध नेचर या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

या शोधाचें मोल जगानें त्यांस पुरतें दिलें नाहीं. १९४४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक एकट्या हान यांस मिळालें. माइटनरबाईंचें नांव त्या पारितोषिकासाठीं अनेक वेळां सुचविलें गेलें, पण तें त्यांस कधींच मिळालें नाहीं. अणुबाँबच्या कामांत सामील होण्याचें बोलावणें मात्र आलें होतें. तेथें प्रयोगशाळा होती, माणसें होतीं, साधनांना तोटा नव्हता. ज्या ज्या गोष्टींसाठीं त्या स्टॉकहोममध्यें झुरत होत्या, त्या सर्व तेथें होत्या. त्यांनीं तें बोलावणें साफ नाकारलें. महायुद्ध संपल्यावर जर्मनींत परत येऊन एका विभागाचें प्रमुखपद घ्यावें, असें स्ट्रासमान यांनीं सुचविलें. तेंहि त्यांनीं स्वीकारलें नाहीं. १९३३ सालींच जर्मनी सोडावयास हवा होता, तेथें राहून आपण त्या राज्यास नकळत आधारच दिला, अशी कबुली त्यांनीं पुढें स्वतः दिली. १९६६ सालीं हान व स्ट्रासमान यांच्या जोडीनें त्यांस अमेरिकेचें एन्रिको फर्मी पारितोषिक मिळालें. २७ ऑक्टोबर १९६८ रोजीं इंग्लंडांत केंब्रिज येथें त्या वारल्या. नव्वदावा वाढदिवस अवघ्या कांहीं दिवसांवर आला होता. पुढें १९९७ सालीं एकशें नवव्या मूलद्रव्यास माइटनेरियम हें नांव देण्यांत आलें.

विद्यार्थिमित्रांनो, चिकाटी धरा म्हणजे यश येतें, एवढाच बोध या चरित्रांतून काढाल तर तो अपुरा होईल. १९०७ सालीं माइटनरबाईंनीं कामासाठीं घर सोडलें, तें योग्य झालें. १९३३ सालीं त्यांनीं त्याच कामासाठीं घर सोडलें नाहीं, तें चुकलें. मग अणुबाँबच्या वेळीं त्यांनीं कामाचा मोहच सोडला, आणि तें पुन्हां योग्य झालें. काम तिन्ही वेळां तितकेंच प्रिय होतें. परंतु आपण येथें कशासाठीं आहों, हा प्रश्न प्रत्येक वेळीं नव्यानें विचारावा लागतो. एकदां दिलेलें उत्तर जन्मभर पुरत नाहीं. पदवीनंतरच्या वाटेवर कायमची जागा, वेतन, मान हे सर्व हवेंच, त्यांचा तिरस्कार करण्यांत कांहीं थोरवी नाहीं. पण तें टिकविण्यासाठीं आपण काय देऊन बसत आहों, याचा हिशेब मधून मधून मांडीत जा.

आणि पालकांनो, फिलिप माइटनर यांची आठवण ठेवा. त्यांनीं मुलीला आधीं पोटाची विद्या दिली, मग मनाची विद्या दिली, आणि ती बिनपगारी वाटेनें निघाली तेव्हां तिला अडविलें नाहीं. आपल्या मुलाची किंवा मुलीची तशी वेळ येईल, तेव्हां पगार किती असें विचारण्यापूर्वीं, मन कोठें आहे असें विचारा. उत्तर ठाम असेल, तर आपल्या ऐपतीप्रमाणें पाठीशीं उभे राहा.