झारचा सेनापती, लाल सैन्याच्या सेवेत

अलेक्सी ब्रुसिलोव यांचा जन्म १८५३ मध्ये तिफ्लिस येथे रशियन सेनाधिकाऱ्याच्या उमराव घराण्यात झाला. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. सरदारपुत्रांच्या लष्करी शाळेतील शिक्षण, १८७७-७८चे तुर्कस्तानविरुद्धचे युद्ध आणि नंतर पीटर्सबर्गच्या घोडदळ विद्यालयातील दीर्घ सेवा, असा पूर्वार्ध सरळमार्गी गेला.

नाव झाले ते जून १९१६ मध्ये. एकाच ठिकाणी सारी ताकद ओतण्याची तेव्हाची रूढ पद्धत त्यांनी मोडली. त्यांच्या चारही सैन्यांनी विस्तीर्ण आघाडीवर एकदमच चढाई केली. खंदक शत्रूच्या अगदी जवळ नेलेले होते, तोफांचा मारा थोडा पण अचूक होता. ऑस्ट्रियाचे लाखो सैनिक कैद झाले. शेजारच्या आघाडीवरील सेनापती मात्र वेळेवर हललेच नाहीत आणि रशियाचीही लाखोंची हानी झाली. विजय असा अर्धवटच राहिला.

मार्च १९१७ मध्ये झारने पदत्याग करावा, असे मत देणाऱ्या सेनापतींत ब्रुसिलोवही होते. त्याच वर्षी ते काही आठवडे सरसेनापती झाले. पण सैन्याची शिस्त तोवर ढासळली होती. नोव्हेंबरमध्ये मॉस्कोतील राहत्या घरावर तोफगोळा पडून त्यांच्या पायाला गंभीर इजा झाली.

एकुलता एक मुलगा लाल घोडदळात गेला आणि श्वेत सैन्याच्या हाती सापडून मारला गेल्याची बातमी आली. १९२० मध्ये पोलंडशी युद्ध पेटताच ब्रुसिलोव यांनी जुन्या अधिकाऱ्यांना लाल सैन्यात येण्याचे आवाहन केले. परदेशी गेलेल्या अनेक जुन्या सहकाऱ्यांनी त्यांना देशद्रोही ठरविले. मार्च १९२६ मध्ये मॉस्कोत त्यांचे निधन झाले; नोव्होदेविची मठाच्या आवारात त्यांचे दफन झाले.