माळावरचे गाव

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या खेड्यात २० जून १८६९ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म झाला. चित्रे आणि यंत्रे यांचा त्यांना लहानपणापासूनच नाद होता. खेड्यात त्या नादाला वाव नव्हता. म्हणून इतर होतकरू तरुणांप्रमाणे तेही मुंबईस गेले. तेथे ते चित्रकला शिकू लागले. पण काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना ओळखता येईना. तेव्हा त्यांनी यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या संपादन केली आणि एका तंत्रशाळेत शिक्षकाची नोकरी धरली. पुढे हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा स्वाभिमानी लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावास परतले.

बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. नंतर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करण्यास आरंभ केला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले नांगर दोन वर्षे तसेच पडून राहिले. तरी लक्ष्मणराव खचले नाहीत. खोल नांगरणीचा गुण दिसू लागताच नांगरांना मागणी आली. इतक्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास सांगितले.

या संकटात औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन त्यांनी दिली. १९१० साली लक्ष्मणराव तेथे आले, तेव्हा ते निवडुंगाचे ओसाड रान होते. साप-विंचवांचा सुळसुळाट होता. यंत्रे गाडीत घालून आणता येतात. पण माणसे अशा माळावर कशी राहणार? शहराकडे ज्यांचे डोळे लागलेले, ते तरुण येथे कसे टिकणार?

लक्ष्मणरावांनी कारखान्याबरोबरच गावही उभारले. राहावयास घरे बांधली, पाण्याची सोय केली, मुलांसाठी शाळा काढली. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी सांभाळली. तेथे शिवाशीव पाळली जात नसे. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांवरही लक्ष्मणरावांनी विश्वास टाकला आणि त्यांना रखवालीचे काम दिले. आसपासच्या खेड्यांतील मुले कारखान्यात हाताखाली काम करता करता कसबी कारागीर झाली. शिक्षण अपुरे असले, तरी कोणाची बुद्धी कमी लेखली जात नसे. १९२० साली तर या माळावरून एक मासिकही निघू लागले!

निवडुंगाच्या रानाचे अशा रीतीने किर्लोस्करवाडी झाले. रेल्वे स्थानकासही पुढे तेच नाव मिळाले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले.

केवळ गावाच्या प्रेमाने तरुण गावात राहत नाहीत. हातांना काम, बुद्धीला वाव आणि माणूस म्हणून मान जेथे मिळतो, तेथे ते आपण होऊन येतात व मुळे धरतात. लक्ष्मणरावांनी हे ओळखले होते आणि एका उजाड माळावर ते करून दाखविले.