जोसेफ प्लातो

जोसेफ आंत्वान फेर्दिनां प्लातो (१४ ऑक्टोबर, १८०१ - १५ सप्टेंबर, १८८३) हे बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ होते. स्थिर चित्रे ठरावीक अंतराने डोळ्यांसमोर आणून हालचालीचा भास निर्माण करणारे फेनाकिस्टिस्कोप हे उपकरण त्यांनी १८३२ साली तयार केले. चलच्चित्राच्या इतिहासाची सुरुवात बहुतेक वेळा याच उपकरणापासून केली जाते. साबणाच्या पटलांच्या रचनेविषयीचे नियम, द्रवधारेच्या अस्थिरतेचा अभ्यास आणि गणितातील 'प्लातोचा प्रश्न' यांसाठीही त्यांचे नाव घेतले जाते. दृष्टीचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्रज्ञाची स्वतःची दृष्टी १८४३ साली पूर्णपणे गेली. आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे त्यांनी अंधत्वात संशोधन केले. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही; मराठी लेखनात दोन्ही नावे जवळची वाटतात एवढेच.

== जन्म व शिक्षण ==

प्लातो यांचा जन्म ब्रुसेल्स येथे झाला. हे शहर तेव्हा फ्रेंच अमलाखाली होते. स्वतंत्र बेल्जियम १८३० साली अस्तित्वात आले. त्यांचे वडील तुर्ने गावचे चित्रकार होते व फुलांच्या चित्रांसाठी ओळखले जात. मुलानेही चित्रकार व्हावे अशी त्यांची इच्छा असल्याने जोसेफ यांना चित्रकलेचे शिक्षण देण्यात आले. किशोरवयातच आईवडिलांचे छत्र हरपले. त्यानंतर जोसेफ व त्यांच्या दोन बहिणींचा सांभाळ वकील असलेल्या मामांनी केला. चित्रकलेचे हे शिक्षण वाया गेले नाही. पुढे चकतीवरील आकृत्या काढताना लागणारा सरावाचा हात त्यांच्याकडे आधीच होता.

ब्रुसेल्समध्ये अदोल्फ केतले या गणितज्ञाशी त्यांचा परिचय झाला. केतले हे पुढे संख्याशास्त्रातील कामामुळे प्रसिद्ध झाले. प्लातो यांना विज्ञानाकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि हा स्नेह अखेरपर्यंत टिकला. लिएज विद्यापीठात प्लातो कायद्याच्या शिक्षणासाठी दाखल झाले होते. तेथे ते भौतिकशास्त्र व गणिताकडे वळले. चरितार्थासाठी माध्यमिक विद्यालयात गणित शिकवत असतानाच त्यांनी प्रबंधाचे काम केले.

== दृष्टीविषयीचे संशोधन ==

१८२९ साली लिएज विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रकाशामुळे डोळ्यावर उमटणाऱ्या ठशांचे काही गुणधर्म हा त्यांच्या छोटेखानी प्रबंधाचा विषय होता. फिरवलेले जळते कोलीत अखंड वर्तुळासारखे दिसते, हे प्राचीन काळापासून सर्वांना ठाऊक होते. प्लातो यांनी या अनुभवाला मोजमापाची जोड दिली. रंगीत पट्ट्या असलेल्या चकत्या वेगवेगळ्या गतीने फिरवून, प्रकाश गेल्यावरही त्याचा ठसा किती काळ राहतो, हे त्यांनी तपासले. हा काळ सुमारे एक तृतीयांश सेकंद असल्याचे त्यांना आढळले. ठसा पूर्ण उमटण्यासही वेळ लागतो आणि तो एकदम नाहीसा न होता हळूहळू विरत जातो, हा त्यांचा निष्कर्ष आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरला.

याच काळात त्यांनी सुमारे २५ सेकंद उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहण्याचा प्रयोग स्वतःवर केला. त्यानंतर काही दिवस त्यांना दिसेनासे झाले होते. पुढे दृष्टी परत आली.

झपाट्याने लुकलुकणारा प्रकाश विशिष्ट वेगानंतर अखंड दिसू लागतो आणि त्याची तेजस्विता उजेड व अंधार यांच्या सरासरीइतकी भासते. हा नियम इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३४ साली मांडला व प्लातो यांनी पुढच्याच वर्षी तो प्रयोगाने पक्का केला. म्हणून त्याला टॅलबट–प्लातो नियम म्हणतात.

== फेनाकिस्टिस्कोप ==

फिरती चाके फटीतून पाहिली असता वाकडी, स्थिर किंवा उलटी फिरताना का दिसतात, या प्रश्नाने त्या काळी अनेकांना पछाडले होते. पीटर मार्क रॉजे यांनी १८२४ साली यावर निबंध लिहिला. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दातेरी चाकांचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांतील काही प्रयोग प्लातो यांनी आधीच केतले यांच्या नियतकालिकात वर्णिले होते, आणि फॅरडे यांनी ते मोकळेपणाने मान्य केले. फॅरडे यांच्या एका प्रयोगात दातेरी चाक आरशासमोर फिरवून त्याच्याच दात्यांमधून प्रतिबिंब पाहिले असता ते चाक स्थिर दिसे. प्लातो यांनी चाकाच्या जागी चित्रे ठेवली. प्रत्येक चित्र मागच्यापेक्षा किंचित वेगळे काढले, तर स्थिर दिसणारी आकृती हलू लागेल, हे त्यांच्या लक्षात आले.

या चकतीच्या कडेला समान अंतरावर अरुंद खाचा असतात आणि प्रत्येक खाचेखाली हालचालीचा एकेक टप्पा रेखाटलेला असतो. चित्रांची बाजू आरशाकडे करून चकती फिरवायची व मागच्या बाजूने खाचांतून प्रतिबिंब पाहायचे, अशी ही रचना आहे. प्लातो यांच्या पहिल्या चकतीवर गिरकी घेणारा नर्तक होता. उपकरणाचे वर्णन करणारे त्यांचे पत्र जानेवारी १८३३ मधील आहे. जवळपास त्याच दिवसांत व्हिएन्ना येथील सिमोन स्टाम्फर यांनी स्वतंत्रपणे अशीच चकती तयार केली व तिचे पेटंटही मिळवले. प्लातो यांनी पेटंट घेतले नाही. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्यांच्या वर्णनावरून चकत्या बनवून फेनाकिस्टिस्कोप या नावाने विकण्यास सुरुवात केली. ग्रीक भाषेतील फसवणूकदर्शक शब्दावरून हे नाव आले आहे. प्लातो यांना त्या चकत्यांची घडण पसंत नव्हती. स्वतःच्या देखरेखीखालची आवृत्ती त्यांनी १८३३ सालीच लंडनमध्ये काढली. ती फँटास्कोप या नावाने विकली गेली. खेळण्याला मात्र पॅरिसचेच नाव चिकटले.

खाचांचा हिशेब हा या उपकरणाचा गाभा होय. चित्रे व खाचा संख्येने सारख्या असतील तर आकृती जागच्या जागी हलते. चित्र एकाने कमी असेल तर सर्व आकृत्या चकतीच्या फिरण्याच्या उलट दिशेने सरकत जातात. एकाने जास्त असेल तर फिरण्याच्या दिशेने. अनेक चकत्यांमध्ये हा दोष मुद्दाम वापरून चालणारी, धावणारी माणसे व प्राणी दाखवले गेले. खाचेच्या रुंदीचाही प्रश्न होता. खाच रुंद केली की उजेड वाढतो, पण चित्र फरकटते. ती अरुंद केली की चित्र रेखीव होते, पण मंद दिसते. हालचालीतील स्पष्टतेची किंमत उजेडात मोजावी लागते, ही अडचण प्लातो यांच्या चकतीपासून आजच्या प्रोजेक्टरपर्यंत कायम आहे.

याच सुमारास त्यांनी अनॉर्थोस्कोप हे दुसरे उपकरण बनवले. त्यात वेडावाकडा ताणलेला एक नमुना एका चकतीवर असतो व त्यासमोर खाचा असलेली काळी चकती उलट दिशेने फिरते. फिरताना नमुना आपोआप सरळ दिसतो. पुढे एडवर्ड मायब्रिज यांच्या १८७९ च्या झूप्रॅक्सिस्कोपमध्ये खाचांच्या उलट फिरण्याने घोडे आखूड दिसत. म्हणून काचेवर ते मुद्दाम लांबट काढावे लागले. या दोन्ही गोष्टींमागील कारण एकच आहे.

== अंधत्व ==

प्लातो यांची १८३५ साली गेंट विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. १८४० साली त्यांचा विवाह झाला व पुढच्या वर्षी फेलिक्स हा मुलगा झाला. त्याच वर्षी डोळ्यांचा दाह सुरू झाला. दोन वर्षांत दृष्टी पूर्ण गेली. आपण शिकवत असलेल्या प्रयोगशाळेतील एकही उपकरण त्यांना पुन्हा पाहता आले नाही.

सूर्याकडे पाहिल्यामुळे प्लातो आंधळे झाले, ही कथा बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. ती मनाला पटणारी असली तरी वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही. सूर्यप्रकाशाने दृष्टिपटलाच्या मध्यभागी इजा होते व ती लगेच जाणवते. चौदा वर्षांनी दोन्ही डोळे पूर्ण जाणे त्यातून घडत नाही. नंतरच्या तज्ज्ञांनी लक्षणांवरून हा डोळ्याच्या आतील भागाचा जुनाट दाह असावा असे मत दिले आहे.

अंधत्वानंतरही चलच्चित्राचा विचार थांबला नाही. १८४९ साली त्यांनी फेनाकिस्टिस्कोप व चार्ल्स व्हीटस्टन यांचा स्टिरिओस्कोप एकत्र करण्याची योजना मांडली. प्लॅस्टरच्या प्रतिमा टप्प्याटप्प्याने बदलून त्यांच्या जोडचित्रांपासून खोली असलेली हालचाल दाखवावी, अशी ती कल्पना होती. स्टॉप मोशन पद्धतीचे हे फार आधीचे वर्णन एका अंध माणसाने सांगून लिहवून घेतले आहे, हे विशेष.

== द्रव व साबणाची पटले ==

पाणी व अल्कोहोल यांच्या योग्य मिश्रणात तेलाचा थेंब ना वर येतो ना बुडतो. वजन नाहीसे झाल्यासारखा तो पूर्ण गोल होतो. असा थेंब फिरवला असता तो चपटा होतो व पुढे त्याचे कडे बनते, हे प्लातो यांनी दाखवले. त्यानंतर तारेच्या चौकटी ग्लिसरीनमिश्रित साबणाच्या द्रवात बुडवून त्यांवर तयार होणाऱ्या पटलांचा त्यांनी अभ्यास केला. तीन पटले एका कडेवर १२० अंशांनी मिळतात व चार कडा एका बिंदूत सुमारे १०९.५ अंशांनी मिळतात, हे त्यांचे नियम १९७६ साली जीन टेलर यांनी गणिताने सिद्ध केले. द्रवाचा दंडगोल त्याच्या परिघापेक्षा लांब झाला की तो थेंबांत तुटू शकतो, हेही त्यांचेच निरीक्षण होय.

प्रयोगांची आखणी प्लातो करीत. ते प्रत्यक्ष पार पाडून दिसलेले वर्णन करण्याचे काम मुलगा फेलिक्स, जावई गुस्ताव व्हान डर मेन्सब्रुघ व काही सहकारी करीत. डोळे दुसऱ्याचे असल्याने प्रश्न अचूक विचारावा लागे, आणि त्यांच्या लेखनातील काटेकोरपणा बहुधा यातूनही आला असावा. हे सारे काम १८७३ साली दोन खंडांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. दिलेल्या कडेवर सर्वांत लहान क्षेत्रफळाचे पृष्ठ असतेच का, हा मूळ लाग्रांज यांचा प्रश्न पुढे प्लातो यांच्या नावाने ओळखला गेला. तो जेसी डग्लस व टिबोर राडो यांनी १९३० च्या सुमारास स्वतंत्रपणे सोडवला. डग्लस यांना १९३६ साली पहिल्या फील्ड्स पदकांपैकी एक मिळाले.

प्लातो यांचे गेंट येथे १५ सप्टेंबर, १८८३ रोजी निधन झाले. ल्युमिए बंधूंचे सिनेमॅटोग्राफ त्यानंतर बारा वर्षांनी आले, आणि ७ जुलै, १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्याचा खेळ झाला.

== प्रोजेक्टरमधील हिसके व प्लातो यांचे काम ==

घरगुती प्रोजेक्टरवर चित्रपट पाहताना कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळत पुढे जाते. या दोषाला जडर म्हणतात. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी घेतलेला असतो, तर स्वस्त प्रोजेक्टर बहुधा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही. त्यामुळे एक चित्र दोनदा व पुढचे तीनदा दाखवले जाते, म्हणजे एक सुमारे ३३ व दुसरे ५० मिलिसेकंद पडद्यावर राहते. प्लातो यांच्या चकतीच्या खाचा असमान अंतरावर कापल्या असत्या तर नर्तकाची गिरकी अशीच लंगडली असती. चित्रपटगृहातील जुना प्रोजेक्टर प्रत्येक चित्र झडपेने सारख्याच वेळा, दोनदा किंवा तीनदा, दाखवत असे. म्हणून तेथे हा विशिष्ट दोष नव्हता.

स्वस्त उपकरणावर पहिला उपाय बिनखर्ची आहे. चित्र पाठवणारे यंत्र २४ हर्ट्झवर ठेवावे आणि प्रोजेक्टर तो वेग खरोखर पाळतो का, हे संथ आडव्या दृश्यावर पाहावे. काही प्रोजेक्टर २४ चा संकेत स्वीकारतात, पण आत त्याचे पुन्हा ६० करतात. अशा वेळी सेटिंग बदलूनही फरक पडत नाही. हिशेब जुळल्यावरही थोडे अडखळणे उरते, कारण २४ चित्रे वेगवान हालचालीस मुळातच कमी आहेत. मधली चित्रे स्वतः रचून भरण्याची सोय हे अडखळणे घालवते, परंतु चित्रपट दूरदर्शन मालिकेसारखा दिसू लागतो आणि हलत्या वस्तूंच्या कडा फाटतात.

फरकटणे हा वेगळा दोष आहे. डोळा हलत्या वस्तूमागे सरकत असतो व चित्र मात्र पुढचे येईपर्यंत जागीच उभे राहते, त्यामुळे कडा पुसट होतात. दोन चित्रांमध्ये काळी चौकट घातली की कडा रेखीव होतात. ही काळी चौकट म्हणजे प्लातो यांच्या दोन खाचांमधील पुठ्ठाच होय. अर्धा वेळ अंधार ठेवल्यास टॅलबट–प्लातो नियमानुसार पडदा निम्मा मंद होतो, आणि स्वस्त प्रोजेक्टरकडे उजेड आधीच बेताचा असतो.

चलच्चित्राचे कारण दृष्टिसातत्य होय, हे विधान प्लातो यांच्या नावावर आजही दिले जाते. ठसा रेंगाळल्याने केवळ चित्रे एकमेकांत मिसळली असती. हालचाल दिसली नसती. हालचालीचा भास मेंदूत घडतो, हे माक्स वेर्टहायमर यांच्या १९१२ च्या प्रयोगांनंतर स्पष्ट होत गेले. प्लातो यांनी मोजलेला काळ लुकलुक का जाणवत नाही, याच्याशी अधिक निगडित आहे.

गेंट विद्यापीठाची अभियांत्रिकीची जुनी इमारत ज्या रस्त्यावर आहे, त्यास योझेफ प्लातोस्ट्राट असे नाव देण्यात आले आहे.