पिएर शेफर : अडकलेल्या तबकडीतून संगीत शोधणारे अभियंता

डीजे होण्याची इच्छा धरणारा नवशिका आज पहिल्या काही दिवसांतच लूप आणि सॅम्पल हे दोन शब्द शिकतो. एखाद्या आवाजाचा तुकडा उचलावा, तो कापावा, उलटा फिरवावा, त्याचा वेग कमी-अधिक करावा आणि त्याच्या पुनरावृत्तीतून ताल उभा करावा, ही सारी कामे आता संगणकावर, किंबहुना मोबाइलवरही करता येतात. फ्रान्सच्या सरकारी नभोवाणीतील एका अभियंत्याने हीच कामे १९४८ साली, संगणक तर सोडाच, ध्वनिफीतही हाताशी नसताना, लॅकरचा लेप दिलेल्या तबकड्यांवर करून दाखवली होती. पिएर शेफर हे त्यांचे नाव. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात त्यांचे स्थान निर्विवाद मानले जाते. स्वतः शेफर यांना मात्र आयुष्याच्या उत्तरार्धात त्या कार्याविषयी समाधान वाटत नव्हते.

शेफर यांचा जन्म १४ ऑगस्ट १९१० रोजी पूर्व फ्रान्समधील नान्सी या शहरात झाला. वडील व्हायोलिनवादक, तर आई गायिका. घरात संगीत असूनही मुलाने त्याच मार्गाने चरितार्थ चालवू नये, असा आईवडिलांचा कल होता. त्यामुळे त्यांचे शिक्षण पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निक या नामवंत संस्थेत अभियांत्रिकीचे झाले. १९३४ मध्ये ते स्ट्रासबूर्ग येथे दूरसंचार खात्यात रुजू झाले आणि १९३६ मध्ये पॅरिसला नभोवाणीत आले. ध्वनिक्षेपक, ध्वनिवर्धक आणि तबकड्या कोरणारी यंत्रे हे त्यांचे रोजचे काम बनले. संगीताची राहून गेलेली ओढ आणि यंत्रांचे ज्ञान यांची गाठ इथे पडली.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सचा पाडाव झाल्यावर विशी सरकारच्या आश्रयाने 'जून फ्रान्स' ही सांस्कृतिक संघटना उभी राहिली. तिच्या स्थापनेत शेफर यांचा पुढाकार होता. त्यांच्या चरित्रातील हा काळ अवघड प्रश्न निर्माण करणारा आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. ती संघटना १९४२ मध्ये विसर्जित झाली. त्याच वर्षी नाट्यदिग्दर्शक झाक कोपो यांच्यासमवेत त्यांनी बोन या गावी नभोवाणी कलावंतांसाठी प्रशिक्षणवर्ग घेतला, आणि त्यातून 'स्तुदिओ देसे' म्हणजे प्रयोगाचा स्टुडिओ आकारास आला. पॅरिस मुक्त होत असताना, ऑगस्ट १९४४ मध्ये, हाच स्टुडिओ मुक्त नभोवाणीचा आवाज ठरला. २४ ऑगस्टच्या रात्री पॅरिसमधील चर्चच्या धर्मगुरूंनी घंटा वाजवाव्यात, असे आवाहन शेफर यांनी रेडिओवरून केले आणि शहरभर घंटानाद सुरू झाला. पुढे घंटेच्या नादाशीच त्यांच्या प्रयोगांचा निकट संबंध यावा, हा एक योगायोगच.

१९४८ च्या वसंत ऋतूत शेफर ३७ वर्षांचे होते. निव्वळ गोंगाटांची एक संगीतरचना करावी, या कल्पनेने त्यांना पछाडले होते. ती कशी करायची, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. या दिवसांची त्यांनी रोजनिशी ठेवली, ती १९५२ मध्ये त्यांच्या पुस्तकात प्रसिद्ध झाली. एखाद्या नवशिक्याचा गोंधळ इतक्या प्रांजळपणे मांडणारे लेखन क्वचितच आढळते. नभोवाणीच्या ध्वनिपरिणाम विभागातून त्यांनी नारळाच्या करवंट्या, टाळ्या वाजवणारी लाकडी फळकुटे, मोटारीचे भोंगे, सायकलचे पंप असे सामान गोळा केले. ते वाजवून पाहिले. निष्पन्न काही झाले नाही. सामान बदलत राहिले, अडचण कायम राहिली. कारण ऐकणाऱ्याला भोंगा हा भोंगाच वाटत होता. आवाज ऐकताक्षणी तो कशाचा आहे, हे ओळखू येते आणि मन त्या वस्तूकडे धाव घेते. आवाज स्वतः मागे राहतो.

वाट सापडली ती वस्तूंच्या ढिगात नव्हे, तर त्या आवाजांच्या तबकड्यांत. घंटेच्या नादाचे मुद्रण करताना त्यांनी टोल पडण्याचा क्षण वगळला आणि नंतरचा घुमारा तेवढा तबकडीवर घेतला. आवाजाची पातळी सांभाळून तो तुकडा ऐकला, तेव्हा घंटा नाहीशी झाली होती आणि ओबो या सुषिरवाद्याच्या जवळ जाणारा एक स्वर ऐकू येत होता. वाद्याची ओळख नादाच्या आरंभी दडलेली असते. तो आरंभ काढून टाकला की ओळख पुसली जाते. आजच्या सॅम्पलरमध्ये आवाजाचा आरंभ नियंत्रित करण्यासाठी जे बटण असते, त्याच्या मागे हेच तत्त्व आहे. नवशिक्याने ते बटण फिरवून पाहण्यापूर्वी या घंटेची आठवण करावी.

दुसरा शोध तर एका बिघाडातून आला. मराठीत तेच तेच बोलणाऱ्याला आपण तुझी रेकॉर्ड अडकली की काय, असे विचारतो. तबकडीवरची खाच सर्पिलाकार असते. ती तुटून स्वतःलाच येऊन मिळाली, की सुई पुढे न सरकता त्याच वर्तुळात फिरत राहते. इतरांच्या दृष्टीने हा दोष. शेफर यांनी तो मुद्दाम घडवून आणला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर अशी एक फेरी पाऊण सेकंदाहून किंचित अधिक काळ टिकते. तेवढ्या अवधीत पकडलेला रेल्वेचा खडखडाट दहा-वीस वेळा ऐकला, की त्यातली रेल्वे विरून जाते आणि उरतो तो निव्वळ ताल. बंद खाच या नावाने हे तंत्र प्रसिद्ध झाले. पुढे टेक्नो संगीताच्या काही ध्वनिमुद्रिकांवर अशाच बंद खाचा कोरल्या गेल्या. तिथे तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एक फेरी १.८ सेकंदांची. तिच्यात चार ठोके बसवले, की लय मिनिटाला सुमारे १३३ ठोक्यांची होते. नृत्यसंगीताला ती नेमकी मानवणारी लय आहे!

याच सुमारास शेफर ध्वनिमुद्रणाची गाडी घेऊन पॅरिसच्या बातिन्योल रेल्वेस्थानकावर गेले. तिथल्या आगारात सहा वाफेची इंजिने उभी होती. चालकांनी इंजिनांकडून जणू जुगलबंदी करून घ्यावी, अशी त्यांची विनंती होती. इंजिनांनी फारशी साथ दिली नाही, असे त्यांच्या नोंदींवरून दिसते. परंतु त्या मुद्रणातून आणि नभोवाणीच्या संग्रहातील तबकड्यांतून निवडलेले तुकडे एकापुढे एक ठेवून त्यांनी सुमारे तीन मिनिटांची रेल्वेवरील रचना सिद्ध केली. तिच्यासह एकूण पाच रचना ५ ऑक्टोबर १९४८ रोजी रेडिओवरून प्रसारित झाल्या. त्यांतील दोन रचनांसाठी पियानो वाजवला होता तरुण पिएर बुलेझ यांनी. एका रचनेत फिरणाऱ्या पातेल्यांचा आवाज होता.

ही साधने किती मर्यादित होती, ते पाहण्यासारखे आहे. तबकडी वाजवणारी काही यंत्रे, मिक्सर आणि नवी तबकडी कोरणारे एक यंत्र. ७८ फेऱ्यांची तबकडी ३३ फेऱ्यांवर वाजवली, की स्वर एका सप्तकाहूनही अधिक खाली उतरतो आणि कालावधी दुपटीहून अधिक लांबतो. दोन तबकड्या एकाच वेळी सोडून त्यांचे मिश्रण तिसरीवर कोरावे लागे. एक चूक झाली, की ती तबकडी वाया जात असे. पूर्ववत करण्याची सोय नव्हती. अर्थात, या दिशेने जाणारे ते एकटे नव्हते. जॉन केज यांनी १९३९ मध्ये वेग बदलत्या तबकड्या वाद्य म्हणून वापरल्या होत्या आणि कैरोमध्ये हलीम अल-दाभ यांनी १९४४ मध्ये तारेवरील ध्वनिमुद्रणातून रचना केली होती. शेफर यांचे वेगळेपण असे, की त्यांनी या खटपटीला एक शास्त्र आणि एक नाव दिले. आधी स्वरलिपी लिहायची आणि मग ती वाजवायची, हा क्रम त्यांनी उलटा केला. आधी प्रत्यक्ष आवाज घ्यायचा, आणि रचना त्यातून काढायची. या पद्धतीला त्यांनी म्युझीक काँक्रेत, म्हणजे मूर्त संगीत, असे संबोधले.

१९४९ मध्ये पिएर आंरी हे तरुण संगीतकार त्यांच्याबरोबर काम करू लागले. शेफर विचार करणारे, आंरी हाताने घडवणारे. दोघांची 'एकट्या माणसासाठी सिंफनी' ही रचना १८ मार्च १९५० रोजी पॅरिसच्या एकोल नॉर्माल द म्युझीक या संगीतशाळेच्या सभागृहात सादर झाली. रंगमंचावर वादक नव्हते. तबकड्या, मिक्सर आणि ध्वनिवर्धक होते. श्वास, पावले, शीळ, कुजबुज, दारावरची थाप असे माणसाच्या शरीराशी निगडित आवाज तिचा आधार होते. १९५५ मध्ये मोरिस बेझार यांनी या रचनेवर नृत्य बसवले. डीजेच्या कार्यक्रमाचा पूर्वज शोधायचा तर १९५० ची ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी.

१९५१ मध्ये नभोवाणीने या कामासाठी रीतसर संशोधन गट स्थापन केला. ध्वनिफितीची यंत्रे आली. झाक पुलँ या अभियंत्याने 'फोनोजेन' हे यंत्र बनवले. त्याच्या बारा पट्ट्या दाबल्या, की फितीचा तुकडा वेगवेगळ्या वेगांनी, म्हणजेच वेगवेगळ्या स्वरांत वाजत असे. की-बोर्डावर वाजणाऱ्या आजच्या सॅम्पलरशी त्याचे नाते उघड आहे. मेसियां, स्टॉकहाउझेन, झेनाकिस यांसारखे संगीतकार या स्टुडिओत येऊन गेले. मात्र ऑक्टोबर १९५३ मध्ये जर्मनीतील डोनाउएशिंगेन महोत्सवात शेफर आणि आंरी यांचा 'ऑर्फे ५३' हा प्रयोग श्रोत्यांनी अक्षरशः उधळून लावला. कोलोनच्या नभोवाणीत विद्युतस्वरांतून शुद्ध संगीत घडवणाऱ्यांचा पक्ष तेव्हा प्रबळ होता. गोंगाटाला संगीत म्हणणे त्यांना अशास्त्रीय वाटत होते. शेफर यांच्या मनाला हा प्रसंग फार लागला.

त्यानंतरची काही वर्षे ते फ्रान्सच्या वसाहतींमधील, विशेषतः आफ्रिकेतील, नभोवाणी केंद्रे उभारण्याच्या कामात होते. परतल्यावर आंरी यांच्याशी त्यांचे जुळले नाही, आणि १९५८ मध्ये आंरी बाहेर पडले. त्याच वर्षी संशोधन गटाची नव्याने मांडणी झाली. १९६० पासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शेफर यांनी फ्रेंच नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या संशोधन विभागाचे नेतृत्व केले. १९६८ मध्ये गाजलेली 'शाडॉक' ही व्यंगचित्रमालिका याच विभागातील.

त्यांचा बृहद्ग्रंथ, संगीतवस्तूंवरील प्रबंध, १९६६ मध्ये प्रकाशित झाला. त्याचा गाभा ऐकण्याविषयी आहे. पायथागोरस पडद्याआडून शिष्यांना शिकवीत असे, अशी आख्यायिका सांगतात. ध्वनिवर्धक हा शेफर यांच्या लेखी तसाच पडदा. आवाज कशाचा आहे हा प्रश्न बाजूला सारून तो खडबडीत आहे की गुळगुळीत, कसा सुरू होतो, कसा विरतो, आतून स्थिर आहे की चंचल, हे कानाने तपासावे, असा त्यांचा आग्रह होता. १९६७ मध्ये त्यासाठी उदाहरणांच्या ध्वनिमुद्रिकाही काढण्यात आल्या. शेकडो तयार आवाज साठवून ठेवणाऱ्या आणि त्यांतील एकही नीट न ऐकणाऱ्या आजच्या नवशिक्याला हा अभ्यास कंटाळवाणा वाटेल. परंतु कान तयार करण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा दिसत नाही. १९६८ पासून शेफर पॅरिसच्या संगीतविद्यालयात शिकवू लागले. त्यांच्या संशोधन गटात शिकून गेलेल्यांपैकी झाँ-मिशेल झार यांचा 'ऑक्सिजेन' हा १९७६ चा संग्रह जगभर खपला.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ मध्ये कूल हर्क या तरुणाने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आळीपाळीने वाजवून तालाचा तुकडा लांबवला, तेव्हा त्याच्यासमोर शेफर यांचे उदाहरण असल्याचे दिसत नाही. गरज वेगळी होती, माणसे वेगळी होती. तरीही दोघांनी ऐकण्याच्या यंत्राचे वाद्य केले.

शेफर यांना मात्र या साऱ्याने आनंद झाला नाही. १९८० च्या दशकातील मुलाखतींत त्यांनी आपला शोध निष्फळ ठरल्याचे मोकळेपणाने सांगितले. आवाजांचे विश्व आपण खुले केले, परंतु त्यातून संगीत लाभले नाही. सा-रे-ग-मच्या चौकटीबाहेर संगीत संभवत नाही आणि बाखचे मोठेपण अबाधित आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हा निष्कर्ष त्यांच्या चाहत्यांना आजही बुचकळ्यात टाकतो. तो चुकीचा होता, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण ज्या माणसाला लहानपणी संगीतापासून दूर ठेवण्यात आले, त्याने आपल्या कामाला लावलेली कसोटी घरात ऐकलेल्या संगीताचीच राहिली, हे समजण्याजोगे आहे.

अखेरच्या वर्षांत त्यांना अल्झायमरच्या विकाराने ग्रासले. ८५ वा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले असता, १९ ऑगस्ट १९९५ रोजी दक्षिण फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँसजवळील ले मिल येथे त्यांचे निधन झाले. दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, पिएर आंरी यांच्या तीस वर्षे जुन्या नृत्यसंगीताचे रीमिक्स प्रसिद्ध झाले. ते करणाऱ्यांमध्ये इंग्लंडचा डीजे फॅटबॉय स्लिम हाही होता.